गाय-वासराचा डाग

उदगीरच्या मल्लिकार्जुन अप्पांची मारुती रोज रात्री अंगणात तेलाचे दोन डाग पाडायची. एक मोठा, भाकरीएवढा. दुसरा त्याच्या कुशीला चिकटलेला, पुरीएवढा. अप्पांच्या बायकोने, उमाबाईंनी, त्या जोडीला गाय-वासरू असं नाव ठेवलं होतं. सडा टाकायच्या आधी त्या बंबातली राख आणून गाय-वासरावर पसरायच्या, खराटा मारायच्या आणि गाडीच्या मालकाला दोन शब्द सुनवायच्या. शब्द रोज तेच. अप्पा आत पूजेला बसलेले असायचे आणि ऐकू न आल्याचं सोंग करायचे. त्यांची एकुलती एक लेक मंजुश्री कॉलेजात होती तेव्हा हे राखेचं काम तिच्याकडे होतं. ती करवादायची नाही. खराटा टेकून म्हणायची, "अव्वा, आज वासरू जरा वाढलंय."

गाडी दोन हजार तीन सालची. घेतली तेव्हा पांढरीशुभ्र होती, आता सायीच्या रंगाची झाली होती. अप्पांचं अडत बाजारात बारदान्याचं दुकान, म्हणजे धान्य भरायच्या रिकाम्या पोत्यांचं. चाळीस वर्षं पोती हाताळून त्यांची बोटं अशी तयार झाली होती की ढिगातलं फाटकं पोतं न बघता ओळखायची. पण बोटांना कळतं ते सगळं डोक्याला कळतंच असं नाही, आणि या गोष्टीत अप्पांचं डोकं फार उशिरा जागं होणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो.

सात वर्षांपूर्वी मंजुश्रीने लग्न केलं. मुलगा अर्धापूरचा, हरिओम नावाचा. केळीच्या बागा असलेलं घर, स्वभाव गरीब, फक्त अप्पांच्या जातीचा नाही. त्या दिवशी अप्पा जे काही बोलले ते विसरून जाण्यासारखं होतं, एक वाक्य सोडून. त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग काढलं, डाव्या तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या घराची पायरी मी चढणार न्हाई."

रागाच्या भरात माणूस काहीबाही बोलतो आणि दुसऱ्या दिवशी चहाबरोबर गिळून टाकतो. लिंग हातात घेऊन बोललेलं मात्र गिळता येत नाही. रोज सकाळी पूजेला तेच लिंग आणि तोच तळहात. कपाळाला भस्म लावून अप्पा डोळे मिटायचे, आणि देवाच्या आधी त्यांना आपलंच वाक्य ऐकू यायचं.

अशी दोन वर्षं गेली. मग मंजुश्रीला मुलगी झाल्याचं कळलं. त्यानंतरच्या सोमवारी अप्पा टोपी घालत म्हणाले, "नांदेडला जाऊन येतो. बारदाना बघायचाय."

दुकानाच्या दारात ट्रकने येऊन पडणारा बारदाना बघायला नांदेडला कशाला जायचं, असं उमाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी डब्यात चार शेंगाच्या पोळ्या बांधल्या. नवऱ्याला दोनच लागतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. संध्याकाळी डबा परत आला तेव्हा त्यात दोन उरल्या होत्या. त्या दिवसापासून पाच वर्षं, दर सोमवारी चार पोळ्या जायच्या आणि दोन परत यायच्या. शेंगाची पोळी मंजुश्रीचा जीव की प्राण होती.

त्या रस्त्यावर अप्पा वेगळेच होऊन जायचे. जळकोटच्या आसपास रस्ता डोंगरातून वळणं घेत जातो. ते गाडी चाळीसच्या वर नेत नसत. काचा खाली, तुरीच्या पिवळ्या फुलांवरून येणारं ऊन, इंजिनाची एकसुरी गुणगुण. डोळे रस्त्यावर, पण मन कुठल्या कुठे. अशा वेळी शेजारच्या सीटवर दहा वर्षांची मंजू येऊन बसायची. दोन वेण्या, गुडघ्यावर डबा. ती किलोमीटरचे दगड मोठ्याने वाचायची आणि मधेच विचारायची, "अप्पा, दगडं मागं जातेत का आपण पुढं?" अप्पा म्हणायचे, "दोन्ही." कंधार जायचं, मन्याड नदी जायची, आणि ती बडबडत राहायची. गोदावरीच्या पुलावर गाडी चढली की मात्र सीट रिकामी व्हायची. कारण पुलाच्या पलीकडे खरी मंजू होती, तेहतीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी.

तरोडा नाक्याच्या पुढे एका गल्लीत तिची इमारत. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची. समोरच्या भिंतीला लागून एक कडुलिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत अप्पा गाडी लावायचे आणि टोपी भुवयांपर्यंत ओढायचे. दीड वाजता मंजुश्री स्कूटीवरून यायची. पुढे उभी असायची ती नात, ऋतुजा, डोळे मिटून वारा खात. मंजुश्री हेल्मेट काढायची, पोरीचं दप्तर खांद्याला लावायची आणि आत जायची. मग अप्पा मनातल्या मनात तिच्याबरोबर तीन जिने चढायचे. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली की चावी फिरवायचे. तिने कधी मान वळवून भिंतीकडे पाहिलं नाही. सगळा दिवस घालवून त्यांना मिळायची ती पाच मिनिटं. ती त्यांना पुढच्या सोमवारपर्यंत पुरायची.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी, खिडकी उघडायच्या आतच, काचेवर टकटक झाली. इमारतीचा रखवालदार होता, लिंबाजी.

"काका, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला."

"तुमची गाडी तेल गाळून राहिली. ह्ये बघा की. सोसायटीवाले मला बोलतेत."

अप्पा खाली उतरले. भिंतीच्या कडेला फरशा घातलेल्या होत्या. त्या फरशांवर काळे डाग होते, जुने विटलेले आणि नवे चकाकणारे. एक मोठा, शेजारी एक बारका. पुन्हा एक मोठा, शेजारी एक बारका. प्रत्येक जोडीभोवती खडूने पाकळ्या काढलेल्या होत्या, गुलाबी, पांढऱ्या, निळ्या. भिंतीच्या कडेने जणू काळ्या गाभ्याच्या फुलांचा वाफाच लावला होता.

"ही फुलं?" अप्पांनी विचारलं.

"लेकरं खेळतेत," लिंबाजी म्हणाला.

अप्पांनी पुढे होऊन चपलेने एक डाग झाकला. पाच वर्षं आपण चोरासारखे येतो असं त्यांना वाटत होतं, आणि दर खेपेला सही ठोकून जात होते. हा डाग मंजूने शेकडो वेळा राखेने पुसलेला. तिची नजर एकदा जरी इकडे वळली तरी संपलं. ज्या माणसाने लिंग हातात घेऊन पायरी सोडली तोच दर सोमवारी पायरीसमोर येऊन बसतो, हे तिला कळलं तर तोंड कुठे लपवायचं? एवढ्या सगळ्या विचारांत, त्या पाकळ्या कोणाच्या हातच्या असतील, हा एक विचार मात्र त्यांना शिवला नाही. म्हटलं ना, डोकं उशिराचं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी मन्मथ मिस्त्रीकडे नेली. मन्मथ खाली सरकला, बॅटरी मारली आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "बारका डाग चेंबरच्या पॅकिंगचा हाय अप्पा. त्याचं काय न्हाई, पेस्ट लावून बोल्ट आवळतो. मोठा हाय तो क्रँकच्या मागच्या सीलचा. त्याला गिअर उतरवावा लागतो."

"किती दिस?"

"आठवडा धरा. सील लातूरला घावलं तर. न्हाई तर हैदराबादहून."

आठवडा म्हटलं की त्यात सोमवार येणारच. अप्पांनी मान हलवली. "दुसरं काई न्हाई का? रेडिएटर गळाला की ट्रकवाले हळद टाकतेत. तशी इंजिनात..."

मन्मथने कानाला हात लावले. "पाण्यात चालती हळद. तेलात टाकली तर इंजिनाचं पिठलं हुईल! तुमी घरी काई करू नका. एक औषध हाय, शनवारी लातूरहून मागवतो."

शनिवारी तो बाटली घेऊन घरीच आला. उमाबाई ओट्यावर निवडत बसल्या होत्या. बाटली बघून त्यांनी सूप खाली ठेवलं. "आज शनवार. शनवारी तेल घरात आणत नसतेत."

"तेल न्हाई काकू, औषध हाय," मन्मथ म्हणाला.

"औषध चालतंय मग," असा निकाल देऊन उमाबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. "काय करतंय ते?"

मन्मथने इंजिनाच्या तोंडात बाटली ओतत समजावलं. "रबराचं सील जुनं झालं की ताठतं, काकू. वाकत न्हाई. मग त्याच्या अन् दांड्याच्या मधी फट पडती, तिथनं तेल निसटतं. तेलाचा काई दोष न्हाई त्यात. ह्ये औषध रबराला मऊ करतं, जरा फुगवतं. फट बुजती. सील फाटलं असंल तर मातर उपयोग न्हाई."

"ताठलेल्याला मऊ करतं म्हणा की," उमाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. "गाडीलाच चालतंय का फकस्त?"

मन्मथला हसू आवरेना. अप्पांनी विषय बदलला. "कायमचं बंद हुतंय ना?"

"छे. तेल बदललं की औषध बी गेलं. पुन्हा टाकावं लागतं. अन् आता टाकून नुसती उभी ठेवू नका. लांब पळवा, इंजिन चांगलं तापू द्या, तवा ते रबराला मानवतंय."

म्हणून रविवारी दोघं निघाले. लातूर, औसा, किल्लारी, जिकडे रस्ता नेईल तिकडे. उमाबाई त्या गाडीत कितीतरी वर्षांनी पुढच्या सीटवर बसल्या होत्या. लातूरपर्यंत त्या बोलत होत्या, औशापर्यंत बघत होत्या, आणि तिथून पुढे काचेला डोकं टेकून झोपल्या. धुकट ऊन होतं. उसाच्या गाड्या कारखान्याच्या दिशेने डुलत चालल्या होत्या. किल्लारीची सरळ रेषेतली घरं आणि रुंद रस्ते आले आणि मागे गेले. अप्पांना वाटलं, आपण गाडी चालवतच नाही, कोणीतरी आपल्याला थोपटत नेतंय. आत कुठेतरी ते औषध गरम तेलातून फिरत असेल, त्या ताठ रबरापर्यंत पोचत असेल आणि त्याला हळूहळू समजावत असेल. वीस वर्षांचा ताठा एका दिवसात कसा जाईल, असं त्यांना वाटलं, आणि गाडीबद्दल वाटलेलं हे पुढे दुसरीकडेच वळायला लागलं. तेव्हा त्यांनी रस्त्यावर नीट लक्ष दिलं.

उमाबाई झोपेतच पुटपुटल्या, "मंजू, राख टाकली का?"

त्या रात्री अप्पांनी गाडीखाली एक कोरं पोतं अंथरलं. सकाळी पोत्यावर वासराचा पत्ता नव्हता. गाय होती, पण रुपयाएवढी. अप्पांनी दुसरं पोतं डिकीत टाकलं. नांदेडला लिंबाखाली गाडी लावली तशी ते पोतं इंजिनाखाली सरकवलं. दीड वाजता मंजुश्री आली, वर गेली, खिडकी उघडली. अप्पांनी पोतं उचललं आणि बघितलं. फरशी कोरडी होती. परतीच्या वाटेवर त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि बऱ्याच दिवसांनी एक जुनं भजन गुणगुणले.

पुढच्या सोमवारी पोत्याचीही गरज उरली नाही. औषधाला गुण आला होता. उमाबाईंचं अंगण स्वच्छ राहायला लागलं. त्या खुश व्हायला हव्या होत्या, पण राखेची पाटी हातात घेऊन त्या सकाळी उगाच गाडीपाशी रेंगाळायच्या. लिंबाजी म्हणाला, "काका, आता खुशाल लावा गाडी." हवा कोरडी होती, जुने डाग रोज थोडे पुसट होत होते. पाकळ्या तर पायांखाली केव्हाच पुसून गेल्या होत्या. नव्या कोणी काढल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र अप्पांना खटकली. चौथ्या सोमवारी मंजुश्री स्कूटीवरून उतरली आणि आत जायच्या ऐवजी भिंतीकडे चालत आली. अप्पा सीटवर आडवे झाले, टोपी तोंडावर. सुदैवाने त्यांच्या नेहमीच्या जागी ओली वाळू पडली होती म्हणून गाडी झाडाच्या अलीकडे लावलेली होती, आणि एक टेम्पो मधे उभा होता, तिला गाडी दिसली नाही. ती झाडाच्या पलीकडच्या अंगाला, जिथे अप्पा एरवी गाडी लावत तिथे, खाली बघत उभी राहिली. मग वाकली. फरशीवरून तिने बोट फिरवलं, बोट बघितलं आणि आत गेली. खिडकी त्या दिवशी उघडली नाही. काहीतरी पडलं असेल तिचं, अप्पांनी स्वतःला सांगितलं.

पाचव्या सोमवारी ते निघाले तेव्हा धुकं होतं. मन्याडच्या पुलावर समोरून उदगीरकडे जाणारी एसटी आली. पूल अरुंद, दोघांनीही वेग कमी केला. एसटीच्या खिडकीतून एक लहानसा हात बाहेर आला होता, वारा मुठीत धरत होता. त्या मुठीत गुलाबी खडू होता. अप्पांनी नकळत स्वतःचा हात बाहेर काढून हलवला. कोणाचं का लेकरू असेना. धुक्यात एसटी दिसेनाशी झाली, आणि शेजारच्या सीटवर बसलेली दहा वर्षांची मंजू म्हणाली, "अप्पा, ती मागं गेली का आपण पुढं आलो?"

लिंबाखाली पोचले, डबा उघडला, दोन पोळ्या खाल्ल्या. ऊन गाडीत पसरलं आणि त्यांचा डोळा लागला. स्वप्नात सगळी गल्ली काळ्या गाभ्याच्या फुलांनी भरली होती. पाय ठेवायला जागा नव्हती. ते फुलं चुकवत पायरीपर्यंत गेले आणि पायरीशी थांबले. पायरीवर राख पसरलेली होती. आतून कोणीतरी खराटा मारत होतं, आणि प्रत्येक फटकाऱ्याबरोबर एकेक फूल नाहीसं होत होतं. "अगं थांब," ते ओरडले, "पुसू नको." आवाज बाहेर पडेना.

फोनच्या आवाजाने ते दचकून उठले. दोन वाजून गेले होते. स्कूटी जागेवर उभी होती, खिडकी बंद होती. फोनवर उमाबाई होत्या.

"कुठं हाव?"

"नांदेडला. बारदाना..."

"चुलीत घाला तुमचा बारदाना! मंजू आलीय."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? इथं. आपल्या दारात. एसटीनं आली, संग लेकरू हाय. अप्पा कुठंत, अप्पाला काय झालंय, खरं सांग म्हणून रडून राहिली. मी म्हणलं बरे हायत, नांदेडला गेलेत, तर माझ्यावर इश्वास ठिवंना. तुमी तोंडानं बोला तिच्याशी."

फोनमध्ये खुडबुड झाली. मग सात वर्षांत न ऐकलेला आवाज आला. तो फक्त एवढंच म्हणाला, "अप्पा?"

अप्पांना खूप काही बोलायचं होतं. ते म्हणाले, "येतो. थांब, जाऊ नको." आणि ज्या गाडीने चाळीस कधी ओलांडले नव्हते ती त्या दुपारी साठने पळाली. शेजारच्या सीटवर कोणीही आलं नाही. पूर्ण रस्ताभर अप्पा एकटे होते आणि टक्क जागे होते.

उन्हं कलताना ते अंगणात शिरले. मंजुश्री ओट्यावर बसली होती. ती उठली, त्यांच्याकडे आली, त्यांच्या चेहऱ्याकडे, हातापायांकडे बघितलं, सगळं जागेवर आहे याची खात्री केली. मग खाली वाकली आणि गाडीखाली हात घातला. हात कोरडा बाहेर आला.

"थेंब कुठाय?" तिने विचारलं.

"बंद झाला. औषध टाकलं."

"का?"

अप्पा चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "तुला कळू नये म्हणून."

"अन् मला कळायचं कसं मग?" मंजुश्रीचा आवाज फुटला. "पाच वर्षं, अप्पा. दर मंगळवारी सकाळी मी पोरीला घेऊन खाली जाते. गाय-वासरू दिसलं की समजायचं, अप्पा येऊन गेलेत, म्हंजे बरे हायत. तुम्ही एकदा बी चुकला नाहीत. अन् एकदम काई नाही. चार आठवडे कोरडं. अव्वाला फोन केला तर म्हणती बरे हायत, नांदेडला गेलेत. फरशी म्हणती आले नाहीत. तुम्हाला साधी शुगर निघाली तवा बी अव्वानं मला वरीसभर सांगितलं नव्हतं. मी कुणाचं खरं मानायचं? मला वाटलं..." तिने गाडीच्या बॉनेटवर एक चापट मारली आणि तिथेच हात ठेवून उभी राहिली.

उमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मला एका शबदानं सांगायचं व्हतं की गं डागाचं."

"तू अप्पाला सांगितलं असतंस."

हे खरं होतं. उमाबाईंनी मान हलवून ते कबूल केलं.

अप्पांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं तर खाली का न्हाई आलीस कधी?"

"पहिल्या खेपेला स्कूटीवरनं ओझरतं बघितलं तवा तुम्ही टोपी तोंडावर ओढून बसला होतात. मला वाटायचं, मी भिंतीकडं नुसतं बघितलं तरी तुम्ही यायचंच बंद कराल."

पाच वर्षं त्या गल्लीत दोन माणसं एकमेकांना न बघण्याचं सोंग वठवत होती. अप्पांच्या उशिराच्या डोक्यात आता एकदम उजेड पडला. ते मटकन ओट्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मंजुश्री शेजारी बसली. उमाबाईंनी गाडीतून डबा आणला. उरलेल्या दोन पोळ्यांपैकी एक मंजुश्रीच्या हातात दिली. पोळी सकाळची होती, कडक झाली होती. तिने ती तशीच खाल्ली.

ऋतुजा इतका वेळ गाडीभोवती फिरत होती. हातात गुलाबी खडू. ती अप्पांसमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही अज्जा ना? मी तुमची फुलं काढते. आता का नाही देत?"

अप्पांनी तिच्या हातातल्या खडूकडे बघितलं आणि म्हणाले, "देतो की गं. उद्याच मन्मथला सांगतो, सगळं तेल बदलून टाक, अन् ते औषध पुन्हा घालू नको."

"तेलाचं राहू द्या," मंजुश्री डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही या."

अप्पांचा डावा हात नकळत गळ्याकडे गेला. "मी लिंग हातात घेऊन बोललोय, मंजू. पायरी न्हाई चढता येत मला."

"माहीत हाय. नका चढू." ती सहज बोलावं तशी म्हणाली. "मी उतरते."

पुढच्या सोमवारी उमाबाईंनी डब्यात सहा पोळ्या बांधल्या. डबा हातात देताना त्या म्हणाल्या, "बारदाना नीट बघून या." अप्पा हसले.

दीडला त्यांनी लिंबाखाली गाडी लावली, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा दार उघडून बाहेर आले. टोपी काढून हातात घेतली. गल्ली ओलांडली. इमारतीच्या पहिल्या पायरीपाशी येऊन थांबले, चपलेचं टोक पायरीला लागणार नाही इतक्या अंतरावर. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडलेली होती. तिच्यातून "आले!" असं कोणीतरी ओरडलं, आणि जिन्यावर धडधड सुरू झाली.

आधी ऋतुजा पोचली. तिने गल्लीपलीकडे गाडीखाली वाकून बघितलं. अजून कोरडं होतं. रबराचा मऊपणा तेलाबरोबर एकदम थोडाच उतरतो. पोरीचं तोंड हिरमुसलं. मग तिला काहीतरी सुचलं. ती पळत परत आली, अप्पांच्या पायाशी बसली आणि त्यांच्या दोन्ही चपलांभोवती खडूने पाकळ्या काढायला लागली.

"हलू नका हं, अज्जा."

वरून मंजुश्रीच्या चपलांचा आवाज येत होता. दुसरा मजला. पहिला मजला. अप्पा हलले नाहीत.